सिल्व्हर्टनला जायचंय, पण आई-बाबांना घेऊन

पत्र

नमस्कार ताई,

मी डॅलसला राहते. माझे आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत. बाबा ७१ वर्षांचे, भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवात त्यांनी वाफेच्या इंजिनांवर केली होती. आई ६६ वर्षांची. तिला बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. सप्टेंबरच्या शेवटी पाच रात्रींसाठी त्यांना कोलोरॅडोत न्यायचं मनात आहे. ड्युरँगोहून सिल्व्हर्टन या जुन्या खाणगावापर्यंत वाफेची गाडी जाते, ती बाबांना दाखवायची आहे. माझ्या नवऱ्यानं मात्र एक्सेलमध्ये मेसा व्हर्दे, ड्युरँगो, सिल्व्हर्टन, युरे, टेल्युराइड आणि ब्लॅक कॅनियन असं सगळं बसवलंय. ‘मिलियन डॉलर हायवे’ या घाटरस्त्यावर गाडी चालवायची त्याची फार इच्छा आहे आणि आईला दरी बघून चक्कर येते. नऊ वर्षांच्या मुलाला फक्त काउबॉय दिसतायत. त्यात बाबा म्हणतात, “आपल्याकडे नेरळ-माथेरान आहे की! एवढा खर्च कशाला?” कुठे राहावं, किती फिरावं, आईला ती उंची झेपेल का, काहीच सुचत नाही.

— एक वाचक, डॅलस

उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एक्सेलमध्येच आहे. पाच रात्री आणि सहा ठिकाणं, तीही तीन हजार मीटरच्या वरचे घाट ओलांडत. दोन तरुण मित्र निघाले असते तर मी काही बोलले नसते. आई-बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा सोबत असताना त्यातली तीन नावं पुसायलाच हवीत: मेसा व्हर्दे, टेल्युराइड आणि ब्लॅक कॅनियन. राहतात ती ड्युरँगो, सिल्व्हर्टन आणि युरे, एकाच रस्त्यावर ओळीनं वसलेली तीन गावं. तुमची सहल तेवढीच ठेवा.

मेसा व्हर्दे पुसताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. कड्याच्या कपारीत दगडी घरं बांधून राहिलेल्या लोकांची ती वस्ती बघण्यासारखीच आहे. पण तिथल्या मोठ्या घरांच्या आत जायचं तर रेंजरसोबतच्या फेरीचं तिकीट आधी काढावं लागतं आणि शिड्या चढाव्या लागतात. आईंचे गुडघे आणि त्या शिड्या यांचं जमणार नाही. मग तुम्ही वर जाणार, त्या गाडीत बसून राहणार आणि संध्याकाळी कुणीच खूश नसणार. ते ठिकाण स्वतंत्र सहलीसाठी राखून ठेवा.

आता उंचीचं बोलू, कारण माझ्या मते बाकी सगळी आखणी तिच्यावरून ठरली पाहिजे. कुठली ठिकाणं बघायची हे आपण आधी ठरवतो आणि झोपायला कुठे मिळतं ते नंतर शोधतो. या डोंगरांत याच्या उलट करायचं. आधी रात्रींची उंची ठरवायची. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. ज्या ड्युरँगोला तुम्ही ‘पायथ्याचं गाव’ समजताय ते १,९८८ मीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षाही तीनशेहून अधिक मीटर वर आहे. सिल्व्हर्टन २,८४० मीटरवर. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानानं साधारण ७० टक्केच असतो. डॅलस तर जवळजवळ सपाटीलाच आहे. तिथून सकाळी निघून त्याच रात्री सिल्व्हर्टनला झोपलात तर धडधाकट माणसाचंही डोकं ठणकतं, मळमळतं, रात्रभर झोप लागत नाही. साधारण अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास सुरू होतो. तो कुणाला होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून सांगता येत नाही. कधी आजोबा खुटखुटीत असतात आणि नातू उलट्या करत असतो.

म्हणून पहिल्या दोन रात्री ड्युरँगो, तिसरी सिल्व्हर्टन, चौथी आणि पाचवी युरे. युरे २,३७५ मीटरवर आहे, म्हणजे सगळ्यात उंच रात्र एकच आणि तीही शरीराला दोन दिवस सवय झाल्यावर. ड्युरँगोच्या पहिल्या पूर्ण दिवशी काहीही ठरवू नका. नदीकाठच्या सपाट रस्त्यानं थोडं चाला, जुन्या मेन अव्हेन्यूवरून फिरा, दुपारी झोपा. स्टेशनमागच्या शेडमध्ये रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे बाबांना सोडा आणि घाई करू नका. पाणी एरवीपेक्षा जास्त प्या, तहान लागायची वाट न बघता. त्या तीन दिवसांत दारू नको, झोपेच्या गोळ्याही नकोत.

निघण्याआधी आईंच्या डॉक्टरांशी नीट बोला. “आम्ही डोंगरात जातोय” एवढं सांगून भागणार नाही. “२,८४० मीटरवर एक रात्र, रस्त्यानं ३,३५८ मीटरपर्यंत” असे आकडे सांगा. उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात. ती घ्यायची का, बीपीच्या गोळीबरोबर चालेल का, हे त्यांनीच ठरवायचं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही आठवणीनं सांगा. बाबांनाही तपासून घ्या. “मला काही होत नाही” असं म्हणणारी रेल्वेतली माणसं मी बरीच पाहिली आहेत. आई-बाबांचा प्रवासविमा काढला असेल तर आधीपासूनच्या आजारासाठी त्यात काय मिळतं, हे आत्ताच वाचून ठेवा.

आणखी एक गोष्ट नकाशात चटकन लक्षात येत नाही. सिल्व्हर्टनमध्ये रुग्णालय नाही. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा उपाय, पण गाडीनं सिल्व्हर्टनहून खाली यायचं म्हणजे आधी वर चढावं लागतं. दक्षिणेला ड्युरँगोकडे जाताना मोलास आणि कोल बँक असे दोन घाट लागतात आणि उत्तरेला युरेकडे रेड माउंटनचा घाट. म्हणून निर्णय आधी घ्यायचा. रेल्वेनं वर जायच्या दिवशी सकाळी ड्युरँगोतच आईंचं डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, तर त्या दिवशी वर राहायचं नाही. सिल्व्हर्टनला पोहोचल्यावर दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यांना पुन्हा विचारा. शंका असेल तर उजेड असतानाच ड्युरँगोला परत या आणि खोलीचे पैसे गेले तर जाऊ द्या. बसल्याजागी धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर वाट न बघता ९११ ला फोन करा. हे वाचून घाबरू नका. बहुतेकांना थोडी डोकेदुखी होते आणि सकाळी बरं वाटतं. तरी हा विचार निघण्याआधीच झालेला असावा.

आता बाबांकडे वळते, कारण तुमचं पत्र वाचताना माझं मन त्यांच्या प्रश्नावर अडकलं. नेरळ-माथेरान आहे की, मग इतक्या लांब कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तरही आहे. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली ती हवा खायला जाणाऱ्या माणसांसाठी. सिल्व्हर्टनची गाडी १८८२ च्या जुलैत पोहोचली ती खाणीतला दगड खाली आणण्यासाठी. सिल्व्हर्टन गाव वसलं १८७४ मध्ये. चांदी सापडत होती, पण खेचरांच्या पाठीवरून ती खाली आणण्यात नफा संपत होता. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेनं १८८० मध्ये ड्युरँगो हे गावच स्वतःसाठी वसवलं आणि तिथून ॲनिमस नदीच्या घळीतून रूळ वर नेले. माथेरानचा रूळ दोन फुटी, हा तीन फुटी. अंतर सुमारे ७२ किलोमीटर. एका ठिकाणी ग्रॅनाइटचा कडा फोडून त्याच्या कडेनं रूळ टाकलाय आणि खाली थेट हिरवी नदी दिसते. बाबांसारख्या माणसाला ते काम कसं केलं असेल हे समजतं. आपल्याला फक्त फोटो मिळतो.

शिवाय इंजिनं. इथली के-३६ जातीची इंजिनं १९२५ मध्ये बाल्डविन कारखान्यात बनली. ‘के’ म्हणजे मिकाडो, चाकांची रचना २-८-२ (पुढे दोन, मध्ये ओढणारी आठ, मागे दोन), आणि ३६ म्हणजे छत्तीस हजार पौंडांच्या आसपासची ओढ. आपल्याकडे मालगाड्या ओढणारं डब्ल्यूजी इंजिनसुद्धा २-८-२ मिकाडोच होतं. भुसावळच्या शेडमध्ये बाबांचे हात त्याला लागलेले असणार. तेव्हा खर्चाचा वाद घालूच नका. “के-३६ आहे, २-८-२, १९२५ ची, अजून रोज चढ चढते” एवढं त्यांना सांगा आणि गप्प राहा. पुढचे प्रश्न तेच विचारतील.

यात एक काळजी घ्या. २०१८ साली रुळांच्या कडेला मोठा वणवा लागला आणि गाड्या कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर या रेल्वेनं कोळशाची इंजिनं तेलावर वळवायला घेतली आणि डिझेल इंजिनंही आणली. त्यामुळे काही फेऱ्या डिझेलवर असतात. तिकीट काढताना “ही फेरी वाफेच्या इंजिनाचीच आहे ना?” असं स्पष्ट विचारा. इतक्या लांब बाबांना आणून पुढे डिझेल लागलेलं दिसलं तर ते काही बोलणार नाहीत, पण मनातून खट्टू होतील. दुसरं, सिल्व्हर्टनपर्यंतची सेवा मे ते ऑक्टोबर एवढीच असते. हिवाळ्यात गाडी अर्ध्या वाटेवरच्या कॅस्केड कॅनियनहून परतते. सप्टेंबरअखेर तुम्ही वेळेत आहात, पण पानगळीचा रंग बघायला येणाऱ्यांमुळे हाच सगळ्यात गर्दीचा काळ असतो.

गाडीला वर जायला साडेतीन तास लागतात. बहुतेक प्रवासी सिल्व्हर्टनला दोन तास थांबतात, जेवतात, टोप्या विकत घेतात आणि परत साडेतीन तास बसतात. आईंच्या गुडघ्यांना एका दिवसात सात तासांची ती बैठक नको. आणि गावाचं म्हणाल तर दोन तासांत जे दिसतं ते गाव नसतं, गर्दी असते. दुपारी गाड्या परत गेल्या की ग्रीन स्ट्रीट एकदम मोकळी होते. सहाशेच्या आसपास वस्तीचं गाव ते, दुकानदार पायरीवर येऊन उभे राहतात, गप्पा मारतात. तुम्ही खास जाताय ते या वेळेसाठी, म्हणून तिथे एक रात्र हवीच असं माझं म्हणणं आहे.

मग तुमच्या गाडीचं काय करायचं? इथेच तुमच्या नवऱ्याची हौस आणि बाबांची हौस दोन्ही भागतात. तुम्ही, आई-बाबा आणि मुलगा फक्त जायचं तिकीट काढून रेल्वेनं वर जा. नवरा भाड्याची गाडी घेऊन यूएस ५५० महामार्गानं वर येईल. रस्त्यानं ते अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे तो तुमच्या आधी पोहोचून सामान खोलीत टाकेल आणि स्टेशनवर घ्यायला येईल. त्याला वाटेत मोलास घाटावर हवं तितकं थांबता येईल, कुणी मागून “हळू, हळू” म्हणणार नाही. रेल्वेत जागा निवडता आली तर जाताना उजवी बाजू घ्या, नदी आणि घळ त्या बाजूला असते. उघडे डबे बाबांना आणि मुलाला आवडतील, पण वर गारठा असतो आणि डोळ्यांत धुराचे कण जातात, म्हणून कानटोपी आणि साधा चष्मा जवळ असू द्या. आईंसाठी बंद डबा आणि पाठीला उशी. डब्यात स्वच्छतागृह असतं, हे त्यांना आधीच सांगा. आपल्या आया या एका काळजीपायी सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उंचीवर तेच नेमकं नडतं.

सिल्व्हर्टनमध्ये काय बघायचं याची मोठी यादी मी देणार नाही. ग्रीन स्ट्रीटला समांतर ब्लेअर स्ट्रीट आहे, अजून मातीचीच. खाणकामगारांचे गुत्ते आणि बदनाम घरं तिथे होती. १९०२ च्या जुन्या तुरुंगात गावाचं संग्रहालय आहे. गावाबाहेर ओल्ड हंड्रेड नावाची सोन्याची खाण आहे, तिथे छोट्या गाडीत बसवून डोंगराच्या पोटात नेतात आणि दगड फोडायची यंत्रं चालवून दाखवतात. तुमच्या मुलासाठी ही एक गोष्ट चुकवू नका. आत भर उन्हाळ्यातही थंडी असते, स्वेटर न्या. ऑक्टोबर लागला की इथली बरीच ठिकाणं बंद व्हायला लागतात, म्हणून आदल्या आठवड्यात फोन करून वेळा विचारा.

गावाच्या वरच्या अंगाला हिलसाइड दफनभूमी आहे. वेळ असेल तर गाडीनं तिथवर जा. हिमकड्याखाली सापडलेले, खाणीत दगावलेले, दूरदेशांहून आलेले कामगार तिथे आहेत. १९१८ च्या फ्लूनं या एवढ्याशा गावात शंभराहून जास्त माणसं काही आठवड्यांत नेली. त्याच साथीनं त्याच वर्षी मुंबईत आणि आपल्या खेड्यापाड्यांत काय केलं, ते बाबांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. त्यांना विचारून बघा.

मुंबईवरून आठवलं, हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. १८९३ पर्यंत हिंदुस्थानात कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाऊ शकत असे आणि तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदीला केवढं मोठं गिऱ्हाईक होतं ते! जून १८९३ मध्ये सरकारनं ही सोय बंद केली. चांदीचा भाव कोसळला आणि काही दिवसांतच कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडायला लागल्या. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनंही चांदीची ठरलेली खरेदी थांबवली, तेव्हा उरलीसुरली आशा गेली. कित्येक खाणगावं ओस पडली. सिल्व्हर्टन तगलं, कारण तिथल्या डोंगरात चांदीबरोबर सोनंही होतं. फोर्टातली टांकसाळ बाबांनी बाहेरून तरी पाहिली असेल. त्या टांकसाळीबद्दलच्या एका निर्णयानं इथल्या लोकांच्या पोटावर पाय आला, हे त्या रस्त्यावर उभं राहून त्यांना सांगा. माथेरान काय आणि सिल्व्हर्टन काय, हा प्रश्न मग ते पुन्हा विचारणार नाहीत असं मला वाटतं.

शेवटची मोठी खाण, सनीसाइड, १९९१ मध्ये बंद झाली. खाणी गेल्या तरी त्यांचं पाणी अजून झिरपतं. ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीत साठलेलं पाणी फुटून बाहेर आलं आणि ॲनिमस नदी ड्युरँगोपर्यंत आणि त्याच्याही पुढे केशरी झाली होती. आजही सिल्व्हर्टनजवळ सिमेंट क्रीकचे दगड गंजलेले दिसतात. रंग सुंदर वाटतो, पण मुलाला त्या पाण्यात हात-पाय घालू देऊ नका.

आणि मुलाचे काउबॉय. त्याचा उत्साह मोडू नका, पण या गावांत काउबॉयपेक्षा खाणकामगार जास्त होते हे त्याला सांगा. त्यांच्याही आधी हे सगळे डोंगर यूट या मूळ रहिवासी लोकांचे होते. १८७३ च्या ब्रूनो करारानं सॅन वॉनचे डोंगर त्यांच्याकडून काढून घेतले, त्याच्या पुढच्याच वर्षी सिल्व्हर्टन वसलं. तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की नऊ वर्षांच्या मुलालाही समजतं काय झालं ते. वाटाघाटी करणाऱ्या यूट प्रमुखाचं नाव युरे, त्याच्याच नावाचं गाव तुमचा शेवटचा मुक्काम आहे. १८८० मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांना सैन्याच्या पहाऱ्यात युटामध्ये हाकलण्यात आलं. माँट्रोजला यूट लोकांचं संग्रहालय आहे. तुम्ही तिकडूनच जाणार आहात, तिथे तासभर थांबा.

तिकडूनच का, ते सांगते. सिल्व्हर्टन ते युरे हा सुमारे चाळीस किलोमीटरचा तुकडा म्हणजे तुमच्या नवऱ्याचा मिलियन डॉलर हायवे. रेड माउंटन घाट ३,३५८ मीटर. युरेजवळच्या घळीत रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलायला कड मोकळी लागते. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूनं चालते. त्यामुळे सिल्व्हर्टनहून युरेकडे, म्हणजे उत्तरेला जाताना तुम्ही डोंगराच्या कुशीला असता. युरेहून परत दक्षिणेला येताना तुमची लेन दरीच्या काठावरून जाते. आईंसाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणून परत यायचंच नाही. विमानानं ड्युरँगोला उतरा आणि युरेहून पुढे उत्तरेला माँट्रोजला जाऊन तिथून डॅलसचं विमान पकडा. युरे ते माँट्रोज साठ किलोमीटरच्या आतलं, रुंद खोऱ्यातलं, साधं ड्रायव्हिंग आहे. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे पैसे जास्त पडतील. ते द्या.

आईंना मागच्या सीटवर उजवीकडे, डोंगराच्या बाजूला बसवा. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन आल्यावर निघा. अंधारात हा रस्ता करू नका, हरणं आणि एल्क रस्त्यावर येतात आणि फोनला रेंज सगळीकडे नसते. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूच्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. सप्टेंबरअखेर वर एखादा बर्फाचा शिडकावा होऊ शकतो. तसा अंदाज असेल तर निघायची वेळ पुढे ढकला, हट्ट नको. आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेवा की ॲनिमस फोर्क्ससारख्या ओसाड गावांकडे जाणारे खडकाळ रस्ते भाड्याच्या साध्या गाडीनं करायचे नाहीत, बहुतेक भाडेकरारांत त्याला मनाई असते. त्याची फारच इच्छा असली तर युरेत जीप आणि चालक मिळतात. आई-बाबांना आराम द्या आणि त्याला अर्धा दिवस एकट्याला जाऊ द्या.

युरेत दोन रात्री ठेवल्या त्या आईंसाठी. गावाचा गरम पाण्याचा मोठा तलाव आहे आणि पाण्याला गंधकाचा वास नाही, त्यामुळे वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण काढून नाक मुरडायचं कारण नाही. पोहण्याचे कपडे लागतात. आईंना संकोच वाटेल, म्हणून पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख डॅलसलाच घेऊन ठेवा. बीपी असल्यानं सगळ्यात गरम भागात फार वेळ नको, आणि उठताना हळू. समोर तिन्ही बाजूंना कडे आणि त्यांच्या अंगावर पिवळी झालेली आस्पेनची झाडं. त्यांचा एक गंमतीचा गुण मुलाला दाखवा. आस्पेनचं अख्खं बन पुष्कळदा एकाच मुळापासून फुटलेलं असतं, म्हणून डोंगरावर एक पट्टा पूर्ण पिवळा आणि शेजारचा अजून हिरवा दिसतो.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ड्युरँगोला आणि युरेला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि कुकर सामानात टाका. या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण कमी तापमानाला. सिल्व्हर्टनला ते ९० अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कणी राहते. कुकरमध्येही एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. सिल्व्हर्टनच्या एका रात्रीसाठी दशम्या, मेतकूट आणि थर्मासमध्ये गरम वरण पुरे. संध्याकाळी तिथे थंडी गोठणबिंदूच्या आसपास येते, लोकरीचे मोजे आणि शाल आईंच्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

मुलाची शाळा पाच दिवस बुडेल. बुडू द्या. शनिवार-रविवार सिल्व्हर्टन आणि युरेत खोली मिळणं अवघड असतं, म्हणून रविवारी निघा आणि मंगळवारच्या गाडीनं वर जा. मंगळवारी गावात श्वास घ्यायला जागाही असते. आई-बाबा भारतातून आल्यावर निदान दहा-बारा दिवस तरी मध्ये जाऊ द्या. झोपेचं घड्याळ बसलेलं नसताना उंचीचा त्रास कुठला आणि जागरणाचा कुठला हे कळत नाही.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी रेल्वे, वाफेचं इंजिन विचारूनच. मग सिल्व्हर्टनची खोली, तळमजल्यावरची, कारण जुन्या लाकडी हॉटेलांत जिने उभे असतात आणि लिफ्टचा भरवसा नसतो. खोली रद्द केल्यास पैसे परत मिळतात का तेही पाहा. नंतर युरे, ड्युरँगो आणि सगळ्यात शेवटी विमान. रेल्वेची तारीख मिळाली नाही तर सहलच एक-दोन दिवस पुढे-मागे करा. बाकी सगळं हलवता येतं.

नवऱ्याशी बोलताना एक्सेल बंद करून फक्त नकाशा उघडा आणि ड्युरँगो ते माँट्रोज ही एकच रेघ दाखवा. त्याचा हायवे त्यात पूर्ण आहे, आणि त्याआधीच्या ड्युरँगो-सिल्व्हर्टन तुकड्यात तो एकटा आहे.

— ताई